यकृताच्या कर्करोगाचं इमेजिंग: क्वांटम डॉट, सोनं की अपकन्व्हर्जन कण?

पीएचडीसाठी हा विषय घेतला असेल तर पेशीत खुणेसारखे वापरायच्या या अतिसूक्ष्म कणांचे कॅटलॉग चाळण्याआधी एक ठरवा: काचेवरच्या पेशी बघायच्या आहेत की जिवंत उंदराचं यकृत?

पेशींवर काम असेल तर साधा कॉन्फोकल (लेसरने एकेक थर टिपणारा मायक्रोस्कोप) पुरतो. पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) हेप-जी-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृत-ट्यूमरच्या पेशी मागवता येतात. मात्र त्या मुळात लहान मुलांमधल्या हेपॅटोब्लास्टोमा या वेगळ्या यकृत-ट्यूमरच्या आहेत असं आता मानलं जातं, म्हणून जोडीला हुह-७ या प्रौढाच्या यकृत-कर्करोगाच्या पेशी घ्या. परीक्षक हे विचारणारच.

दिसायला क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचे चमकणारे कण, सगळ्यांत देखणे. रंग आकारावर ठरतो, एकाच लेसरने चार रंग उजळतात आणि नेहमीच्या डायसारखे ते लवकर विझत नाहीत. अडचण कॅडमियमची. २००४ साली डर्फस, चॅन आणि भाटिया यांनी नेमक्या यकृतपेशींवरच कॅडमियम सेलेनाइडचे डॉट तपासले. हवेने किंवा अतिनील प्रकाशाने पृष्ठभागाचं ऑक्सिडेशन झालं की कॅडमियम सुटून पेशी मरत होत्या. झिंक सल्फाइडच्या आवरणाने हे कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. त्यामुळे पेशी औषधाने मेली की डॉटने, हे सांगणारा कंट्रोल (फक्त डॉट दिलेल्या, औषध न दिलेल्या पेशी) हवाच.

सोन्याचे कण तेवढे झगमगत नाहीत, पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली काळे ठिपके होऊन स्पष्ट दिसतात. कॉन्फोकलची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर. तिथला एक ठिपका म्हणजे एक कण की वीस, कळत नाही. कण एंडोसोममध्ये (पेशीने गिळलेलं ठेवणाऱ्या पिशवीत) अडकला की बाहेर पडला, हे सोनंच सांगतं. फक्त पेशी आधी मारून, पातळ काप करून.

जिवंत यकृतात टू-फोटॉन मायक्रोस्कोपीला पर्याय कमी. १९९० मध्ये कॉर्नेलमध्ये आलेलं हे तंत्र इन्फ्रारेड प्रकाशाने खोलवर पोचतं. पण व्हिटॅमिन ए आणि लिपोफ्युसिन या पेशीतल्या रंगद्रव्यामुळे यकृत स्वतःच चमकतं. ही चमक टाळण्यात अपकन्व्हर्जन कण सरस: ९८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश आत, हिरवा-लाल प्रकाश बाहेर. मात्र त्यांची दीप्ती शेकडो मायक्रोसेकंद रेंगाळते, म्हणून स्कॅन संथ करावा लागतो, आणि श्वासाबरोबर हलणाऱ्या यकृतात चित्र फिसकटतं. शिवाय ९८० ला पाणी तापतं. कागदावर जिंकणारा हा कण मी पहिल्या वर्षी घेणार नाही.

यातला कुठलाही कण शिरेतून दिला की बराचसा यकृतातल्या कुफर या रोगप्रतिकारक पेशी गिळतात. ट्यूमरमध्ये त्या सहसा कमी असतात, म्हणून निरोगी यकृतच जास्त उजळतं. तेव्हा कुणी ‘टार्गेटिंग’चा, म्हणजे कण नेमका ट्यूमरवर जातो असा, दावा केला तर ट्यूमरची तुलना स्नायूशी केली आहे की शेजारच्या यकृताशी, एवढं आधी बघा.

गाइड सर्जन असतील तर गोष्टच वेगळी. त्यांच्याकडे इंडोसायनिन ग्रीन हा चमकणारा डाय आहे, १९५९ पासून मान्यता असलेला. तुमचा कण त्याहून काय जास्त दाखवतो, हे ते विचारतील.

माझा कौल: सुरुवात सोनं, कॉन्फोकल आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने. टू-फोटॉन यंत्राचा स्लॉट आणि प्राणी-प्रयोगांची परवानगी दोन्ही हातात आली, तरच उंदराकडे वळा.