त्या तुपाला वास नव्हता

मी चौथीत होते तेव्हापासून आमच्या घरी गुरुवारी चूल पेटत नव्हती. सगळ्यांना उपास, दिवे लागायच्या वेळी महाराजांचा दरबार, घरी यायला रात्रीचे बारा. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव. ओळीनं दोन वर्षं द्राक्षबाग हातची गेली, सोसायटीचं कर्ज थकलं आणि अप्पांना कुणीतरी त्या माणसाकडं नेलं.

पहिला होम आमच्याच अंगणात झाला. काडी न लावता अग्नी प्रकट होणार, असं त्यांनी आधीच सांगितलेलं. कुमारिकेच्या हातून तूप हवं म्हणून पळी माझ्या हातात दिली. मी ते समिधांवर ओतलं. थोडा वेळ काहीच नाही. मग धूर आला आणि भपकन जांभळट जाळ झाला. आई हात जोडून रडायला लागली. "आई, तुपाला वासच नव्हता," असं मी म्हणाले तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

त्यानंतर आमच्या घरात कुणी काही विचारायचं नाही, असंच ठरून गेलं. आज्जी माळकरी, पंढरीला पायी जाणारी. तिलासुद्धा "तुम्हाला यातलं कळत नाही" म्हणून गप्प केलं. ताईची बारावीनंतरची फी मठाच्या बांधकामाला गेली, ती शिकायची राहिली. ते मला अजून सोन्यापेक्षा जास्त लागतं.

सोन्याला दोष आहे, असं निघालं ते दोन वर्षांनी. आईच्या पाटल्या, मोहनमाळ, आज्जीची ठुशी, सगळं आमच्यासमोर तांब्याच्या कलशात ठेवलं, वर तांदूळ, लाल कापड, सात वेढे दोरा. मंत्रासाठी महाराज अर्धा तास एकटेच कलशाजवळ बसले, मध्ये पडदा. 41 दिवस उघडायचं नाही, बाहेर बोलायचं नाही, बोललात तर फळ जाईल.

मठाला कुलूप लागल्याचं कळलं तेव्हा आज्जीनंच दोरा तोडला. तांदळाखाली लोखंडी नट होते, ट्रॅक्टरला असतात तसे. वजन जुळावं म्हणून.

नववीत असताना अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळेत आले. पोटॅशियम परमँगनेटवर त्यांनी ग्लिसरीन ओतलं. तोच धूर, तोच जांभळट जाळ. मी बाकावर बसल्या जागी थरथरत होते.

2013 साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं, लुबाडणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना त्यात हात लावलेला नाही. आज्जीसारख्या माणसांना हे मुद्दाम सांगा, कारण देवधर्मावर बंदी येणार असं सांगूनच त्यांना घाबरवलं जातं.

तुमच्या देवघरात आत्ता असा बांधलेला कलश असेल, तर 41 दिवस थांबू नका. चार माणसं बोलवा, मोबाईलवर चित्रीकरण करा आणि त्यांच्यासमोर आजच उघडा. आत जे निघेल ते जसंच्या तसं घेऊन पोलीस ठाण्यात जा. लोक हसतील म्हणून अप्पा गेले नाहीत. ते नट त्यांनी त्याच रात्री विहिरीत टाकले. आमच्याकडं पुरावा तेवढाच होता.