फ्वान्यीची दक्षिणभूमी की व्हेरासची?

सतराव्या शतकात युरोपच्या नकाशांवर दक्षिणेचा मोठा भाग अजून कोराच होता. त्या कोऱ्या जागेत दोन फ्रेंच लेखकांनी दोन आदर्श समाज वसवले.

देनी व्हेरासच्या 'सेव्हारांब' या कादंबरीचा पहिला भाग 1675 मध्ये लंडनला इंग्रजीत आला. बटाव्हियाकडे (आजचं जकार्ता) निघालेलं जहाज फुटतं आणि कॅप्टन सिडेनला सुव्यवस्थित राज्य सापडतं. त्याचा संस्थापक सेव्हारियास हा इराणचा सूर्योपासक. राजा म्हणजे खुद्द सूर्य, माणूस फक्त त्याचा प्रतिनिधी. खाजगी मालमत्ता नाही; आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास झोप. हे सगळं वाचताना पटत जातं. पण तिथे गुलामही आहेत, हे विसरून चालणार नाही.

गाब्रिएल द फ्वान्यीचं पुस्तक 1676 चं, जिनिव्हाचं. तो मठ सोडून प्रोटेस्टंट झालेला फ्रान्सिस्कन साधू. त्याच्या पुस्तकातल्या देशात प्रत्येक माणूस स्त्रीही आणि पुरुषही. राजा नाही, कायदा नाही, धर्मावर चर्चाही नाही. नायक साद्यरही तसाच उभयलिंगी, म्हणूनच तो तिथे जगतो. तरीही त्याला तिथे सामावता येत नाही. शत्रूंबद्दल दया दाखवली म्हणून तो दोषी ठरतो आणि शेवटी एका प्रचंड पक्ष्यावर बसून पळतो.

राज्य कसं चालवावं याची उत्सुकता असेल तर व्हेरास घ्या. माझा कौल मात्र फ्वान्यीला. निव्वळ विवेकावर चालणारा समाज किती निर्दय होऊ शकतो, हे त्याने आपल्याच स्वप्नात दाखवलं.