अनामत भरून मिळालेलं काम : कागदी वाट्यांच्या नावाखाली आम्हा बारा जणींची फसवणूक

घरबसल्या काम मिळेल, माल आम्हीच उचलू, फक्त अनामत भरा, असं कुणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. आम्ही सोलापूरच्या बारा बायका यात फसलो. त्यातल्या अकरा जणींना मीच घेऊन गेले होते, म्हणून सगळं सांगणं माझं काम आहे.

फेब्रुवारीत आमच्या भागात एक माणूस आला. मुख्य रस्त्यावर त्याने गाळा भाड्याने घेतला होता, बाहेर फलक, आत टेबल-खुर्ची, भिंतीवर चौकटीत उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं, प्रमाणपत्र आणि जीएसटी नोंदणी. काम साधं होतं. आभाळात जाऊन फुटणारे फटाक्यांचे गोल गोळे असतात, त्यांचं वरचं कवच कागदाचं असतं. दोन अर्ध्या वाट्या जोडून तो गोळा होतो. त्याने मोबाइलवर जपानच्या आतषबाजीची चित्रफीत दाखवली. कवच गोल असलं की फूलही चारी बाजूंनी गोल उमलतं, असं समजावलं, आणि ते खरंच आहे. रिकाम्या वाट्या तुम्ही करायच्या, दारू भरायचं काम परवानाधारक कारखान्यात, तेरखेड्याला. कागदाच्या वाटीला कसला परवाना, ताई? हेही मला पटलं. धाराशिव जिल्ह्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठी आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे शंका घ्यायला जागा राहिली नाही.

अनामत ४,५०० रुपये. त्यात लाकडी साचा, खाकी कागदाचा रोल आणि माप तपासायची लोखंडी कडी. एका जोडीला १४ रुपये. मुद्रांकावर करार. त्यात एक ओळ होती : मालाच्या दर्जाबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील. मी ती वाचली आणि सही केली.

काम मनापासून केलं, हे सांगायलाच हवं, कारण पुढे आमच्याच हातांना नावं ठेवली गेली. मैद्याची खळ शिजवायची, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. कागद कात्रीने कापायचा नाही, हाताने फाडायचा. कापलेल्या पट्टीची कड थरावर उंचवटा धरते, फाडलेली कड विरळ होत जाते आणि दुसऱ्या पट्टीत मिसळून जाते. साच्यावर आधी प्लास्टिकची पिशवी ताणायची, नाहीतर वाटी सुटत नाही. प्रत्येक थर अंगठ्याने मधून काठाकडे दाबत न्यायचा, आत हवा राहिली की वाळल्यावर तिथे फोड येतो. उन्हात ठेवलं की काठ पिळवटतो, म्हणून पंख्याखाली, सावलीत. शेवटी फरशीच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर वाटी पालथी घालायची आणि गोल गोल घासत काठ सपाट करायचा. दोन वाट्या एकमेकींवर ठेवून खिडकीसमोर धरल्या आणि मधून उजेड दिसला नाही, की जोडी झाली. मला तो क्षण आवडायचा. प्रत्येक वाटीच्या आत मी पेन्सिलीने बारीक आकडा घालत होते, म्हणजे जोडी चुकायला नको.

पहिल्या दोनशे जोड्या मी मार्चमध्ये दिल्या. त्याने दोन-चार जोड्या हातात घेऊन फिरवून पाहिल्या, "ताई, तुमच्या हाताला सफाई आहे," म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी २,८०० रुपये खात्यात आले. मी ते पैसे सगळ्यांना दाखवले. भिशीतल्या वहिनी, समोरच्या अक्का, माझी चुलत जाऊ, एकेक करत अकरा जणी आल्या. एकीने कानातलं गहाण ठेवून अनामत भरली. बारा जणींचे मिळून ५४,००० रुपये त्याच्याकडे गेले. पैसे कंपनीच्या नावावर नाही, एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर, फोनवरून. ऑडिट चालू आहे म्हणून तात्पुरतं, असं कारण होतं.

एप्रिल-मे आम्ही उन्हाळाभर राबलो. प्रत्येकीच्या २२० जोड्या, एकूण २,६४०, म्हणजे ३६,९६० रुपयांचं काम. पोती रिक्षातून गाळ्यावर नेली. त्याने काचेवर वाटी पालथी ठेवली, काठाखाली कागदाची चिठ्ठी सरकवली आणि ती आत गेली. "नापास." दुसरी, तिसरी, तसंच. पहिल्या दोन पोत्यांतल्या मिळून दहा-बारा वाट्या पाहिल्या आणि बाकीची दहा पोती न उघडताच सगळा माल नापास केला. मार्चमध्ये त्याच हातांनी, त्याच साच्यावर केलेला माल पास झाला होता, त्या दिवशी काच आणि चिठ्ठी कुठे होती?

मी म्हटलं, दर कमी करा. १४ ऐवजी ५ रुपये द्या. तो म्हणाला, ५ रुपयांनाही नको, न्या परत. मग मार्ग सुचवला : फिनिशिंगचं प्रशिक्षण घ्या, माणशी १,५०० रुपये, मग माल पास होईल. पाच जणींनी तेही भरले. त्याच वेळी हळू आवाजात म्हणाला, घरीच दारू भरून दिलीत तर जोडीला साठ रुपये. मी तिथेच नाही म्हटलं. घरात चूल आहे, लेकरं आहेत. विनापरवाना स्फोटकं बनवणं १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि हात-पाय गेले तर कुठल्याही कायद्याने परत येत नाहीत. तुम्हालाही कुणी असं विचारलं तर त्या दारात पुन्हा जाऊ नका.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आईने चाळीस वर्षं विड्या वळल्या. कारखान्यातून पान, तंबाखू, सूत आणायचं, घरी वळायचं, हजारावर मजुरी. तिथेही तपासणीस विड्या बाजूला काढायचा, त्याला छाट म्हणतात. छाटीवरून भांडणं इतकी व्हायची, की १९६६ च्या विडी कामगार कायद्यात त्या तंट्यांसाठी वेगळी तरतूद होती. आईने शांतपणे विचारलं, "छाट त्याने ठेवून घेतली का?" मी म्हटलं, नाही, सगळी परत दिली. ती म्हणाली, "आमचा ठेकेदार छाट कधी परत द्यायचा नाही. मजुरी द्यायचा नाही, पण विडी ठेवून घ्यायचा, कारण त्याला ती विकायची असायची. ह्याला तुझा माल फुकटातसुद्धा नको आहे. आणि कामाला लावणाऱ्यानं बाईकडून पैसे घेतल्याचं मी कधी ऐकलं नाही. आम्हाला उचल मिळायची."

त्या एका प्रश्नाने माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्याचा धंदा वाट्यांचा नव्हताच, अनामतीचा होता.

दोन दिवसांनी मी आणि अक्का एसटीने तुळजापूर, धाराशिव, येरमाळा करत तेरखेड्याला गेलो. तिथल्या एका कारखानदाराने आम्हाला बसवून पाणी दिलं आणि वाटी हातात घेऊन पाहिली. काम चांगलं आहे म्हणाला. पण या माणसाचं, या कंपनीचं नाव त्याने ऐकलं नव्हतं. आमचा बहुतेक माल नळ्यांचा, आणि कामाला माणूस लागला तर आम्हीच आगाऊ पैसे देतो, असं त्याने सांगितलं. हे फेब्रुवारीतच विचारायला जायला हवं होतं. एक दिवस आणि एसटीचं तिकीट, एवढाच खर्च होता.

परत आलो तर गाळ्याला कुलूप. फोन बंद.

मग ती भिंतीवरची कागदपत्रं तपासली. जीएसटीचा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर, कुठल्या पत्त्यावर आणि चालू आहे की रद्द, हे कुणालाही फुकट दिसतं. हा क्रमांक दुसऱ्या जिल्ह्यातल्या कापड दुकानाचा निघाला, तोही रद्द झालेला. उद्यम नोंदणी तर स्वतःच माहिती भरून, एक रुपया न देता मिळते. चौकट पाहून विश्वास ठेवू नका.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला. पैसे गेल्यावर लगेच केला तर ते पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता असते. आमचे जाऊन काही आठवडे उलटले होते. पोलीस ठाण्यात आधी "करार आहे, ही दिवाणी बाब आहे" असं ऐकावं लागलं. पण स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तो आम्ही घेतला. वकीलबाईंनी बारा जणींच्या खात्यांचे उतारे, कराराच्या प्रती, त्याचे आवाजी निरोप एकत्र लावले आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीचा, अर्ज दिला. एकटीदुकटीचा अर्ज पडून राहिला असता. बारा जणींचा घेतला गेला, पोच मिळाली, पुढे गुन्हा नोंदला गेला. अनामत आणि प्रशिक्षणाचे मिळून आमचे ६१,५०० रुपये गेले आहेत, मजुरी वेगळी. अजून एक पैसाही परत आलेला नाही.

पंचनाम्याच्या दिवशी गाळामालकाने शटर उघडलं. टेबल, खुर्ची, चौकटी, काही नव्हतं. मागच्या कोपऱ्यात एक पोतं होतं, त्याची गाठ मी लांबूनच ओळखली, आई बांधते तशी. हवालदारांनी सोडायला सांगितली. आत माझ्या मार्चच्या जोड्या, एकसुद्धा कमी नाही, मोरचुदामुळे कीडही नाही. माझे २,८०० रुपये या मालाचे नव्हते, दुसऱ्या कुणा बाईच्या अनामतीतले असणार. मी एक वाटी उचलून आतला पेन्सिलीचा आकडा दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि लिहून घेतलं : कागदी वाट्या, नग ४००, आतून क्रमांक घातलेले.