ब्रोमाइड की कोलोटाइप? जुनी फ्रेंच विवस्त्र-पोस्टकार्डे विकत घेताना

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पॅरिसमध्ये निघालेली विवस्त्र स्त्रियांची पोस्टकार्डे जमवू पाहणारा नवा संग्राहक बहुतेक वेळा चेहरा, ढब आणि किंमत पाहूनच कार्ड उचलतो. माझ्या मते, कार्ड कोणत्या रीतीने तयार झाले आहे हे त्याने आधी पाहावे. या व्यापारात मुख्यतः दोन जातींची कार्डे हाती येतात: ब्रोमाइडच्या, म्हणजे चांदीच्या प्रकाशसंवेदी क्षाराचा थर असलेल्या, कागदावर उमटवलेले खरे छायाचित्र आणि शाईने छापलेले कोलोटाइप.

ब्रोमाइड कार्ड म्हणजे निगेटिव्हवरून थेट कागदावर उतरलेली प्रकाशाची छाप. त्यामुळे कातडीवरच्या छटा, मागच्या रंगवलेल्या पडद्याची सुरकुती, गालिच्याची झिजलेली कड अशा स्टुडिओतल्या बारीकसारीक गोष्टी त्यात शाबूत राहतात. छायाचित्रकार झाँ आजेलू (१८७८–१९२१) याची कार्डे यासाठीच मागणीत असतात, त्यांच्यावर 'जे. ए.' ही अक्षरे आणि बहुधा मालिकेचा क्रमांक असतो. मॉडेलचे नाव मात्र जवळजवळ कधीच नसते, आणि ही उणीव मला कागदाच्या कोणत्याही दोषापेक्षा अधिक खटकते.

कोलोटाइपमध्ये काचेच्या जाड पाटीवर प्रकाशसंवेदी जिलेटिनचा थर देतात. निगेटिव्हखाली उजेड लागून तो जिथे कडक होतो तिथेच तेलकट शाई धरतो. अशा पाटीवरून साधारण हजार-दोन हजार प्रती निघाल्या की थर झिजतो. ही कार्डे सहसा स्वस्त मिळतात, शाई टिकाऊ असल्यामुळे फिकी पडत नाहीत, आणि ज्याला व्यक्तीपेक्षा छपाईच्या धंद्यात रस आहे त्याने बेलाशक हीच घ्यावीत.

ओळख पटवायला दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. कोलोटाइपच्या करड्या भागात जिलेटिनला पडलेल्या बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्यांचे जाळे दिसते. ब्रोमाइडमध्ये तसे काहीच दिसत नाही, छटा सलग उतरत जाते. कार्ड खिडकीशी तिरके धरले, तर जुन्या ब्रोमाइडच्या काळ्या भागावर, विशेषतः कडांना, निळसर चंदेरी तकाकी चमकते. कागदातली चांदी पृष्ठभागावर आल्याची ती खूण आहे. सोवळा संग्राहक तिला दोष मानतो. मला ती वयाचा दाखला वाटते. सरळ ओळींत मांडलेले ठिपके दिसले तर ते हाफटोन, म्हणजे छटा ठिपक्यांनी दाखवणारी छपाई, आहे, आणि ब्रोमाइड म्हणून दाखवलेल्या कार्डावर ते दिसणे म्हणजे बहुधा नंतरचे पुनर्मुद्रण. अतिनील दिव्याखाली कागद निळा-पांढरा लखलखला, तर तो १९५० च्या आधीचा असण्याची शक्यता फारच कमी, कारण कागद उजळ करणारी ती रसायने त्यानंतर रुळली.

रिटचिंगच्या, म्हणजे चित्रावर हाताने केलेल्या डागडुजीच्या, बाबतीतही दोहोंत फरक आहे. फ्रान्सचा १८८२ चा अश्लीलताविरोधी कायदा १८९८ मध्ये अधिक कडक झाल्यावर विक्रेत्यांनी 'चित्रकारांसाठी अभ्यासचित्रे' या सबबीचा आडोसा घेतला. १९०४ पासून निघणारे 'लेत्युद आकादेमिक' हे नियतकालिकही याच सबबीवर चालत होते. म्हणूनच खांब, फुलदाण्या, अर्धवट ओढलेली वस्त्रे आणि गुह्यांगावर कुंचला फिरवून पुसलेले केस या चित्रांत वारंवार दिसतात. ब्रोमाइडमध्ये ही डागडुजी भिंगाखाली उघडी पडते, कारण आजूबाजूच्या जिवंत छटांमध्ये तेवढाच भाग गुळगुळीत, मेणासारखा दिसतो. कोलोटाइपमध्ये मात्र जाळीच तिला पोटात घेते.

मागची बाजू दोन्ही जातींत सारख्याच उपयोगाची. फ्रान्समध्ये संदेश आणि पत्ता यांच्यासाठी मधोमध रेघ मारलेली मागची बाजू १९०४ मध्ये आली, त्याआधी ती पूर्ण बाजू पत्त्यापुरतीच असे. त्यामुळे रेघ असलेले कार्ड १९०० चे म्हणून कोणी देऊ केले, तर नम्रपणे परत करावे. टपालाचा शिक्का नसला तरी बिचकू नये. ही कार्डे उघडी पाठवण्यापेक्षा पाकिटात किंवा टेबलाच्या खणातच अधिक राहिली.

भारतात मागवताना कस्टम्समध्ये अश्लील वस्तूंच्या आयातीवर बंदी आहे, हे ध्यानात ठेवावे.

निवड एकाच कार्डाची असेल, तर हाताने रंग न भरलेले ब्रोमाइड घ्यावे, कोपरा दुमडलेला असला तरी चालेल. गालांवर आणि ओठांवर फासलेली गुलाबी ॲनिलीन (रासायनिक रंग) पाहणाऱ्याला भुलवते खरी, पण नेमक्या ज्या छटांसाठी आपण पैसे मोजतो, त्यांच्यावरच ती बसलेली असते.