थंड तळ्यात उतरायचंय: सात मिलिमीटरचा वेटसूट की ड्रायसूट?

मालवण झालं, नेत्राणी झालं, अंदमानची एखादी वारी झाली की मुंबईतल्या डायव्हरला थंड पाण्याची हुक्की येतेच. मलाही आली. ऑस्ट्रियातलं आटरझे हे तळं ठरवलं, तिकीट काढलं आणि मग सूटवर गाडी अडली. जाड वेटसूट (आत थोडं पाणी शिरू देणारा रबरी सूट) विकत घ्यावा की तिथे जाऊन ड्रायसूट (पाणी आत येऊच न देणारा) भाड्याने घ्यावा? मी पहिला मार्ग धरला, तीन दिवस तो निभावला आणि उरलेले दोन दिवस दुसऱ्यावर गेलो. त्यामुळे थोडं एकतर्फी वाटलं तर समजून घ्या.

सिल्फ्राला जाणाऱ्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये. आइसलंडमधल्या त्या भेगेत पाणी बारा महिने २ ते ४ अंश असतं, तिथे स्कूबा म्हणजे ड्रायसूटच. खरी दुविधा आल्प्समधल्या तळ्यांची, कारण उन्हाळ्यात ती दोन तोंडांनी बोलतात. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून गारठा तळाशी बसून राहतो आणि ऊन फक्त वरचा थर तापवतं. जूनमध्ये माझ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर वर १७ अंश होते, अठरा मीटरवर ७. मधला थर्मोक्लाइन, म्हणजे गरम आणि थंड पाण्यामधली सीमा, डोळ्यांना दिसतो, तापलेल्या डांबरावर हवा थरथरते तसा. त्यातून खाली जाताना क्षणभर डोकं दादरच्या तरणतलावात आणि पाय फ्रीजमध्ये, अशी अवस्था होते.

वेटसूटवर अन्याय करायचा नाही. तो आपल्या ओळखीचा आहे, त्याला वेगळं प्रशिक्षण लागत नाही, त्यात हातपाय मोकळे चालतात. आठ-दहा मीटरच्या वर राहायचं असेल तर ऑगस्टमध्ये तो पुरेसा आहे. बुडालेली झाडं, पाणवनस्पतींत काठीसारखा निश्चल उभा पाइक मासा, हे सगळं वरच्या थरात दिसतं. पण तळं आहे १६९ मीटर खोल. पाण्याखालच्या कड्यावरून खाली पाहिलं की निळ्याचं काळं होत जाणारं पाणी बोलावतं, आणि तिथेच वेटसूटचं निओप्रीन, म्हणजे फेसाळ रबर, दगा देतं. त्यातले हवेचे बुडबुडे दाबाखाली चेपतात. वीस मीटरवर दाब तिप्पट होतो, म्हणजे ऊब हवी असते नेमकी तिथेच सूट पातळ झालेला असतो.

तरीही खरं सांगायचं तर पाण्यातल्या थंडीने मला हरवलं नाही. पस्तीस मिनिटं दात आवळून निघतात. हरवलं ते दोन डाइव्हच्या मधल्या वेळाने.

पावसात भिजून गाडी पकडायची आणि ओल्या पँटने ऑफिसच्या एसीखाली बसायचं, हे आपण दर जुलैत करतो. त्याला डोंगरावरून येणारा वारा जोडा. पाण्याबाहेर आल्यावर ओलं निओप्रीन वाळता वाळता अंगातली उष्णता ओढून घेतं. पूर्ण काढावा तर परत चढवायचा आहे, कमरेपर्यंत उतरवावा तर खालचा अर्धा भाग तसाच. तळ्याच्या उंचीमुळे आणि सावधपणामुळे सरफेस इंटरव्हल, म्हणजे दोन डाइव्हमधली विश्रांती, हीही आखडता येत नाही. दीड तास मी गाडीच्या आडोशाला जॅकेट पांघरून उभा होतो, हातात चहा, आणि कप दातांवर वाजत होता. मग दुसरी डाइव्ह. थंडगार, आतून बुळबुळीत झालेली बाही मनगटाशी अडते, बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, मागून झिप ओढतो आणि पाठीच्या कण्यावरून गार पाण्याचा ओघळ उतरतो. तिसऱ्या दिवशी दुसरी डाइव्ह मी पोट बिघडल्याचं सांगून टाळली. पोट ठणठणीत होतं.

चौथ्या दिवशी ड्रायसूट घेतला. सकाळ शिकण्यातच गेली. मानेचं लॅटेक्स सील पहिल्यांदा डोक्यातून घालताना कोणीतरी गळा धरल्यासारखं होतं, दहा मिनिटांनी विसरायला होतं. दाढी असेल तर सीलखाली केस येऊ देऊ नका, पाणी त्याच वाटेने आत येतं. मनगटाचंही तसंच. मी घाबरून इन्फ्लेटर (हवा भरायची नळी) घट्ट पकडला की मनगटाच्या कंडरा वर येत आणि त्यांच्या बाजूच्या खाचेतून थेंब थेंब आत झिरपत. डावी बाही कोपरापर्यंत ओली झाली, चूक माझीच. खाली जाताना सूटमध्ये थोडी थोडी हवा सोडायला विसरलात तर तो चिमटे काढतो. आणि हवा पायांत गेली की माणूस उलटा. मी झालोच. पाय वर, डोकं खाली, आणि प्रशिक्षक शांतपणे माझे फिन धरून मला सरळ करतोय. मालवणात शंभर डाइव्ह केल्याचा तोरा तिथे उतरला.

पण बाहेर आलो, झिप उघडली आणि आतला लोकरीचा पायमोजा कोरडा. बाकावर बसून चक्क भूक लागली. दुसऱ्या डाइव्हला जायचं म्हणजे फक्त झिप लावायची आणि हूड चढवायचा. त्या दुपारी कड्याशी बावीस मीटरवर गेलो तर थंडी फक्त गालांना आणि बोटांना लागली. हाताच्या बोटांचा प्रश्न दोन्हींत सारखाच राहतो, कोरडे ग्लोव्ह्ज वेगळे मागावे लागतात.

लघवीचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला होता. वेटसूटवाल्यांना काय सोय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. ड्रायसूटमध्ये ती नाही. सकाळचा दुसरा चहा सोडा, पण पाणी पिणं सोडू नका.

खर्चाचं म्हणाल तर विकत घेतलेला जाड सूट नंतर मालवणात उपयोगी पडेल, असा माझाही हिशोब होता. २८ अंशांच्या पाण्यात सात मिलिमीटर घालून कोणी उतरत नाही, उकडून निघाल. शिवाय २३ किलोंच्या बॅगेत निम्मी जागा त्यानेच खाल्ली. जुलैत घरी आणला तर बाल्कनीत नऊ दिवस वाळला नाही आणि आईने त्या वासाचा उगम शोधायला मोरीची जाळी उघडवली. ड्रायसूट विकत घेणंही आपल्याकडे परवडण्यासारखं नाही. पैसे असले तरी दमट उष्म्यात लॅटेक्सची सीलं चिकट होऊन फाटायला लागतात. म्हणून माझं मत विचाराल तर तिकडेच भाड्याने, आणि पहिला दिवस ड्रायसूटच्या कोर्सला मोकळा ठेवून. पाचच दिवस हातात असतील तर तो एक दिवस जिवावर येतो, हेही खरं.

सूट कुठलाही घ्या, रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो ते यंत्र, थंड पाण्यासाठी बनवलेलाच मागा. १० अंशांखाली साधा रेग्युलेटर गोठून फ्री-फ्लो होऊ शकतो, म्हणजे हवा न थांबता बाहेर पडत राहते. कॉम्प्युटर उंचीसाठी जुळवून घेतो की हाताने सेट करावा लागतो ते बघा, समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर ते धरावंच लागतं. गोड्या पाण्यात कमरेच्या पट्ट्यावरचं वजनाचं शिसं समुद्रापेक्षा थोडं कमी पुरतं. आणि लागोपाठच्या दिवसांच्या डाइव्हनंतर मुंबईच्या विमानाआधी किमान १८ तास सोडा.

एवढं सांगूनही वेटसूटच न्यायचा असेल, तर मोठा थर्मास न्या. दुसऱ्या डाइव्हच्या आधी कोमट पाणी मानेतून सूटमध्ये ओतायचं, तिथले लोकही तेच करतात. फार बरं वाटतं. थर्मोक्लाइनपर्यंत टिकतं.