फौजदारीच्या भरवशावर दिवाणीची मुदत गेली

परिचयातल्या एका गृहस्थांना मी पावतीवर सही घेऊन मोठी रक्कम उसनी दिली होती. ते टाळाटाळ करू लागले तेव्हा स्वतःला कायदेविषयक सल्लागार म्हणवणाऱ्या एकाने मला सांगितले, की दिवाणी दावा वर्षानुवर्षे रेंगाळतो, त्यापेक्षा फसवणुकीची तक्रार द्या, अटकेच्या धाकाने पैसे आपसूक येतील. माझी खरी फसवणूक तिथून सुरू झाली.

फौजदारी खटला बहुधा सरकार चालवते. त्यात फिर्यादी हा मुख्यतः साक्षीदार असतो आणि खटला आरोपीला शिक्षा व्हावी यासाठी असतो, वसुलीसाठी नव्हे. शिवाय पैसे घेतानाच ते बुडवण्याचा इरादा होता, हे वाजवी शंकेला जागा न उरेल इतके सिद्ध व्हावे लागते. नुसते देणे थकले म्हणजे गुन्हा घडला असे होत नाही. दिवाणी दाव्यात मात्र वादीचे म्हणणे अधिक संभवनीय ठरले तरी पुरते, आणि माझ्याजवळ तर सहीची पावती होती. यातले काहीही सल्लागाराने सांगितले नाही. तक्रार अर्जाच्या प्रतीवर पोचेचा गोल शिक्का तेवढा आणून दाखवला, आणि मग ‘आता गुन्हा नोंदवतील’, ‘आता आरोपपत्र जाईल’ असे म्हणत दर खेपेस खर्चाच्या नावाखाली पैसे नेले. गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक मी एकदाही मागितला नाही, हा माझा भाबडेपणा. बाब दिवाणी स्वरूपाची असल्याचा शेरा मारून तो अर्ज केव्हाच निकाली निघाला होता.

वास्तविक दोन्ही मार्ग एकाच वेळी धरता येतात, आणि फौजदारी तक्रार दिली म्हणून दिवाणी दाव्याची मुदत सहसा थांबत नाही. भारतात 1963च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या पैशांच्या वसुलीला साधारणतः 3 वर्षे मिळतात. इंग्लंडमध्ये 1980च्या कायद्याने साध्या करारावरील दाव्याला 6.

जिव्हारी लागले ते वेगळेच. मधल्या काळात त्या गृहस्थांनी देणे कबूल असल्याचे स्वतःहून लिहून आणले होते. ‘तो कागद घेऊ नका, घेतलात तर फौजदारी ढिली पडेल,’ असे सल्लागार म्हणाला आणि मी तो परत केला. मुदतीच्या आत दिलेल्या अशा लेखी, सहीच्या कबुलीपासून मुदत नव्याने मोजली जाते, हे पुढे एका वकिलांनी मला समजावले, तेव्हा त्यांचे बोट माझ्या पावतीवरच्या तारखेवर टेकलेले होते आणि मुदत उलटून 4 महिने झाले होते.