टूथपिकचे मनोरे: मिठाची कणीक की तेलकट क्ले?
मुलांसोबत टूथपिक जोडून मनोरा किंवा पूल उभारायचा असेल, तर सांध्यांसाठी घरची मिठाची कणीक आणि बाजारातली तेलकट क्ले असे दोन पर्याय समोर येतात. 2 वाट्या मैदा, 1 वाटी मीठ आणि साधारण वाटीभर पाणी घालून मळलेली कणीक स्वस्त पडते. ओली असताना तिचे सांधे ढिले राहतात, मात्र वाळून कडक झाल्यावर तीच रचना उचलून फळीवर ठेवता येते. पावसाळ्यात हे गणित बिघडते, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेते.

क्ले वाळत नाही, आणि माझ्या मते शिकण्याच्या दृष्टीने हाच तिचा मोठा गुण आहे: चौकोनी चौकट बोटाने ढकलताच तिरकी होते, कर्णावर काडी बसवली की दोन त्रिकोण होऊन ती ताठ राहते, हे मुलाला तिथल्या तिथे मोडून, पुन्हा जोडून पडताळता येते. (कर्णाला टूथपिक अपुरी पडते, खराट्याचा हीर मापाने कापून घ्यावा.) कणकेत मीठ भरपूर असल्याने ती लहानग्यांच्या आणि घरातल्या कुत्र्याच्या तोंडात जाऊ देऊ नये.